डिस्क गोल्फ शिकताय? ड्रायव्हर कपाटात ठेवा

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत टोपलीत (बास्केटमध्ये) टाकायचा खेळ. नवा माणूस खेळायला आला की पिशवीतून पहिली काढतो ती डिस्ट्रॉयर, म्हणजे लांब फेकीची, ड्रायव्हर प्रकारातली डिस्क, नाहीतर पॉल मॅकबेथच्या नावाची एखादी डिस्क. मॅकबेथ सहा वेळा जगज्जेता आहे, 2021 मध्ये डिस्क बनवणाऱ्या डिस्क्राफ्ट कंपनीने त्याच्याशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला, त्यामुळे त्याचं नाव छापलेलं प्लास्टिक खपणारच. पण वरच्या फळीतल्या पुरुष खेळाडूंच्या हातून डिस्क सुटते ती ताशी 110 किलोमीटरच्या वर. आपल्या हातून त्याच्या निम्म्या वेगाने सुटली तरी खूप. तेवढ्या वेगात डिस्ट्रॉयर उडत नाही, डावीकडे वळून जमिनीत घुसते.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. डिस्ट्रॉयरचे 12, 5, -1, 3. एव्हिएर या पुटरचे, म्हणजे जवळून टोपलीत टाकायच्या डिस्कचे, 2, 3, 0, 1. स्पीड म्हणजे ती डिस्क किती लांब जाईल ते नव्हे. आपल्या आकड्यांप्रमाणे उडायला तिला हाताकडून किती वेग लागतो, ते. ग्लाइड म्हणजे हवेत किती तरंगते, टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे किती कलते, फेड म्हणजे वेग संपत आल्यावर डावीकडे किती ओढली जाते. (हे उजव्या हाताच्या बॅकहँडचं, म्हणजे डिस्क छातीसमोरून आडवी आणून फेकतात त्याचं. डावखुऱ्यांनी आणि फोरहँडवाल्यांनी उलटं वाचावं.) हात मंद असला की टर्न येतच नाही, नुसता फेड पदरात पडतो.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या क्वालिटीला आहे, त्यामुळे डिस्क हातात आली की माझी नजर आधी कडेवर जाते. एकदा डिस्क कामावर नेली होती. आमच्या मशीनवरच्या ऑपरेटरने ती उलटसुलट केली आणि विचारलं, "मॅडम, कड एवढी जाड, मधे एवढं पातळ. वॉर्प होत नाही का?" वॉर्प म्हणजे थंड होताना वाकडं होणं. बरोबर जागी बोट ठेवलं त्याने. जाड कड उशिरा थंड होते, मधली पातळ प्लेट लवकर. कूलिंग जरा इकडेतिकडे झालं की एकाच साच्यातून एक लॉट सपाट येतो आणि दुसरा फुगीर. फुगीर डिस्क जास्त तरंगते. कडेवर जिथे साच्याचे दोन भाग मिळतात ती पार्टिंग लाइन वर असेल तर डिस्क जास्त ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे ओढणारी. म्हणून व्यावसायिक खेळाडू एकाच मॉडेलच्या पाच-सहा डिस्क हाताळून त्यातली एक उचलतात. छापलेले आकडे मॉडेलचे असतात, तुमच्या हातातल्या नगाचे नसतात. दोन नग समोर असतील तर सपाट टेबलावर शेजारी ठेवून डोळ्याच्या पातळीवरून बघा, फरक दिसतो. कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ किनार, राहिला असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा, पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमात त्याला मुभा आहे. त्यापुढे जाऊन कड तासायला मात्र नाही.

व्यावसायिकांच्या पिशवीत वीसेक डिस्क असतात. आपल्याला तीन मॉडेल पुरतात: एव्हिएरसारखा पुटर, बझसारखी मधल्या अंतराची मिडरेंज (5, 4, -1, 1) आणि लेपर्डसारखा फेअरवे ड्रायव्हर (6, 5, -2, 1), जो डिस्ट्रॉयरपेक्षा कमी वेगातही उडतो. पैसे असतील तर चौथी डिस्क म्हणून दुसरा पुटरच घ्या. वजन 165 ते 170 ग्रॅमच्या आसपास ठेवा. प्लास्टिक सुरुवातीला स्वस्तातलं, खरखरीत पकडीचं चालेल. ते लवकर झिजतं, झिजलेली डिस्क उजवीकडे जास्त कलते, आणि मंद हाताला ते सोयीचंच असतं.

आता फेक. पहिले काही आठवडे उभ्या जागेवरून फक्त पुटर फेका. चांगले खेळाडू पुटर सहज 80-90 मीटर काढतात, त्यामुळे यात कमीपणा नाही. पुटर चूक लपवत नाही. मनगट वाकडं सुटलं की तो हवेत लगेच डुगडुगतो.

चार बोटं कडेच्या आत घट्ट मुडपलेली, अंगठा वर. बाजूने उभे राहा, उजवा खांदा लक्ष्याकडे. आता महत्त्वाचं: मनगट करंगळीच्या बाजूला किंचित खाली दाबा, म्हणजे डिस्क आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येतील. हे न केल्याने डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर राहतं. नाक वर असलेली डिस्क चढते, हवेत थबकते आणि डावीकडे कोसळते. बघणारा म्हणतो, "ताकद कमी पडली." ताकदीचा काही संबंध नसतो. मी कुणालाही शिकवताना अर्धा वेळ या एका कोनावर घालवते. बाकी सगळं कच्चं असलं तरी नाक खाली आलं की अंतर वाढतं.

डिस्क मागे नेताना हात मागे नेऊ नका, खांदे वळवा. पुढे आणताना छातीला जवळजवळ घासून सरळ रेषेत आणा, कोपर पुढे. क्रिकेटवाले इथे हमखास फसतात. बॅट फिरवावी तसा हात पोटाभोवती गोल येतो, डिस्क उशिरा सुटते आणि उजवीकडच्या बाभळीत जाते. आधी पुढच्या पायावर वजन, मग कंबर, मग खांदा, सगळ्यात शेवटी मनगट. ओली साडी झटकताना टोक शेवटी फाटकन वाजतं, तसा झटका शेवटच्या वीतभर अंतरात हवा. सुरुवातीपासून जोर लावला तर शेवटी काही उरत नाही.

हे जमल्यावर एक्स-स्टेप: उजवा पाय, डावा त्याच्या मागून, पुन्हा उजवा. शेवटचा उजवा पाय टेकला की शरीर पुढे वाहत जाता कामा नये, तिथे थांबून वळलं पाहिजे. इस्टोनियाच्या क्रिस्टिन टाट्टारचे व्हिडिओ हळू करून बघा. 2022 आणि 2023 ची ती जगज्जेती. तिच्या धावण्यात घाई नाही, आणि हात पुढे यायच्या आधी पाय टेकलेला असतो. आपल्या मुलींना मी पुरुषांच्या आधी तिलाच दाखवते.

फोरहँड ज्यांना पॉइंटवरून साइडआर्म थ्रो करायची सवय आहे त्यांना लवकर येतो. कोपर कमरेजवळ, तळवा वर. तळवा उलटा पडला की डिस्क आडवी राहत नाही.

जागेचा प्रश्न नाशिकमध्ये आहेच. गोल्फ क्लब मैदान नावाला गोल्फचं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, तिथे क्रिकेट आणि सकाळचे चालणारे. तिथे ड्राइव्ह मारू नका. 170 ग्रॅमची कड कुणाच्या कानशिलावर बसली तर खेळ तिथेच संपेल. कोपऱ्यात पुटिंग करा. लांब फेकायला उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन बरी, पण पाण्याच्या दिशेने फेकू नका. बहुतेक डिस्क बुडतात. तिथे वारा मोकळा असतो. समोरून वारा असला की डिस्क जास्त उजवीकडे कलते, म्हणून कमी उंचीवरून आणि ओव्हरस्टेबल डिस्क फेका. मागून असला की ती दाबली जाते, लवकर पडते, म्हणून थोडी उंच. पावसाळ्यात काळी माती कडेला चिकटते. कमरेला जुना पंचा लावलेला असू द्या.

पुटिंगला बास्केटची वाट बघू नका. प्लास्टिकचा पिंप चालतो. खरी बास्केट हवी असेल तर सातपूरला फॅब्रिकेशनवाले आहेत, टोपलीची कड जमिनीपासून सुमारे 80 सेंटीमीटर ठेवा म्हणावं. दहा मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. ही सवय पिंपासमोरच लावा. पुटचे दोन प्रकार: अलगद ढकललेला, जो चुकला तर जवळच पडतो, आणि मनगटाने फिरवलेला, जो वाऱ्यात टिकतो पण चुकला तर लांब निघून जातो. मी दुसरा शिकवते, कारण आपल्याकडे संध्याकाळी मैदानावर वारा असतोच.

डिस्क मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाकतात. वाकलीच तर गरम पाण्यात मऊ होऊ द्या, हाताने सरळ करा आणि सपाट फरशीवर गार होईपर्यंत पडू द्या. वर पाटा-वरवंटा ठेवायची गरज नाही, त्याने प्लेट खाली दबते आणि ग्लाइड जातो.