गाडीवरील खोल ओरखडा घरीच बुजवताना

ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावे. ते अडकले, तर केवळ पॉलिशने काम भागणार नाही. तळाशी पत्रा दिसत असेल, तर गंज धरण्यापूर्वीच दुरुस्ती हाती घ्यावी.

नागपुरात या कामासाठी हिवाळ्यातील सकाळ सर्वांत सोयीची. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरण्याआधीच सुकतो. पावसाळ्यातील दमट हवेत क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरील पारदर्शक थरावर, पांढुरकी झाक येते. उघड्या अंगणात तर हे काम करूच नये, कारण ओल्या रंगावर धूळ बसते.

रंगाचा कोड बहुधा दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. त्या कोडनुसारच रंग घ्यावा; नुसता ‘पांढरा’ मागून आणलेला डबा हमखास वेगळा दिसतो.

जागा शाम्पूने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि भोवती मास्किंग टेप लावावी. गंज असल्यास तो पूर्ण खरवडावा. उघड्या पत्र्यावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावून तो वाळल्यावर बारीक ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने रंगाचे पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर सुकू द्यावा, कारण एकाच जाड थराने ओघळ येतात आणि घाईची किंमत येथेच मोजावी लागते. रंग किंचित खोलगट राहिला की वर क्लिअर कोट भरावा.

काही दिवसांनी क्लिअर कोटचा उंचवटा २००० नंबरच्या वॉटर पेपरने (ओल्या घासकामाच्या बारीक सँडपेपरने), भरपूर पाणी वापरून, अगदी हलक्या हाताने सपाट करावा आणि शेवटी रबिंग कंपाउंड व पॉलिश फिरवावे.