टाचण पस्तीस मिनिटांचं, तास वीस मिनिटांचा

बी.एड.च्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, पहिल्यांदा शाळेत पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये नाशिकला गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला आणि शाळेला सुट्टी लागली. त्याच आठवड्यात माझा नववीचा भूगोलाचा पाठ होता, नदीचे कार्य. टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, सही झालेली, तक्ता दोन रात्री बसून रंगवलेला, प्रोजेक्टरची चित्रं तयार. शाळा उघडली त्या दिवशी वीज नव्हती. एक वर्ग गळत होता म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्या होत्या आणि तास वीस मिनिटांवर आणले होते. हे सगळं मला परिपाठानंतर कळलं. निरीक्षक मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्यासुद्धा.

टाचणाच्या पहिल्या पानावर मी उद्दिष्ट लिहिलं होतं: खनन, वहन आणि संचयन यांतला फरक विद्यार्थी सांगतो. तेवढंच धरलं. मुलांना विचारलं, "पाणी कुणाकुणाच्या दारापर्यंत आलं?" भांडी बाजारातला एक मुलगा उठला. दोन दिवस वडिलांबरोबर दुकानातला गाळ उपसत होता, नखांत तो अजून दिसत होता. मी विचारलं, "हा गाळ आला कुठून?" कुणी गंगापूर धरण म्हणालं, कुणी त्र्यंबक. ब्रह्मगिरीच्या उतारावर माती सुटते ते खनन, गढूळ पाणी ती आणतं ते वहन, आणि दुकानात उरतो तो गाळ म्हणजे संचयन. फळ्यावर तीन शब्द आणि एक वाकडी रेघ. तक्ता गुंडाळलेलाच राहिला.

तेव्हापासून टाचण लिहिताना मी समासात खूण करते: वेळ कापला तर एवढं शिकवायचंच. खडू आणि डस्टर स्वतःचे ठेवते. शाळेत पोचल्याबरोबर शिक्षक खोलीत बदली तासांची वही (गैरहजर शिक्षकांचे तास कुणी घ्यायचे याची नोंद) बघते, कारण वेळापत्रकातला बदल आपल्याला कुणी शोधत येऊन सांगत नाही. आणि पाठात बदल केला, तर तो निरीक्षकांना तास सुरू होण्याआधी सांगा. मी नंतर सांगितला. मॅडम बराच वेळ माझ्या टाचणात तो प्रश्न शोधत होत्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

दरी आणि धबधबा राहून गेले होते. वर्गशिक्षकांकडे एक बदली तास मागितला, गुरुवारी मिळाला. तक्ता त्या दिवशी लावला.