नागपूरच्या उन्हात डोळे कसे सांभाळायचे

मार्च लागला की बर्डीवर गॉगलचे स्टँड लागतात आणि आपण काय करतो, आरशात बघतो, शोभून राहिला का पाहतो, भाव करतो आणि 150 ला घेऊन मोकळे. मी पण कितीतरी वर्षं असंच केलं. मग दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढऱ्या भागावर मांस वाढत वाढत बुबुळावर चढलं होतं, छोटासा गुलाबी त्रिकोण आणि त्यात लाल बारीक शिरा. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की काका काम कुठे करायचे. काटोलकडे संत्र्याच्या बागेत, सगळं आयुष्य उन्हात आणि डोक्याला फक्त दुपट्टा. वर्षानुवर्षांच्या ऊन-धुळीने हे मांस वाढतं, मोतीबिंदू लवकर यायलाही हेच ऊन हातभार लावतं. म्हणून जे शिकलो ते लिहून राहिलो.

सगळ्यात आधी गॉगल. काच किती काळी आहे याचा आणि यूव्ही, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण, अडण्याचा काही संबंध नाही. उलट नुसती रंगवलेली काळी काच असेल तर डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते आणि यूव्ही तर अडलेलेच नसतात, ते आरामात आत जातात, म्हणजे तसल्या गॉगलपेक्षा डोळे बारीक करून चाललेलं बरं. घेताना ‘यूव्ही 400’ मागा, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. पण स्टिकर काय, कोणीही चिकटवतो, म्हणून चष्म्याच्या दुकानात मीटरवर चेक करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. घरी अंदाज घ्यायचा असेल तर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घ्या, अंधाऱ्या खोलीत 500 च्या नोटेवर मारा, नंबर आणि बारीक धागे चमकतात. आता टॉर्च आणि नोटेच्या मध्ये गॉगलची काच धरा. चमक विझली तर काच बरंच अडवते, तशीच राहिली तर तो गॉगल ठेवून द्या. हा फक्त अंदाज आहे, खात्री मीटरनेच होते, आणि टॉर्चकडे सरळ बघू नका.

पोलराइज्ड म्हणजे रस्त्याची चकाकी कमी, गाडी चालवायला छानच, पण यूव्ही वेगळं विचारायचं. नंबरचा चष्मा असेल तर पांढऱ्या काचेतही यूव्ही अडवता येतात, पुढच्या वेळी काच बदलताना सांगा फक्त.

आता वेळेचं, इथे बहुतेक लोक चुकतात. नवतप्यात, 26 मेच्या आसपास, आपल्याकडे बाराच्या थोडं नंतर सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब होते. तेव्हा यूव्ही सगळ्यात जास्त असतात पण भुवया आणि कपाळाची थोडी तरी आड असते. सकाळी 8-9 ला आणि दुपारी 4 नंतर ऊन तिरपं होऊन सरळ डोळ्यात घुसतं. सकाळी पूर्वेला पारडीकडे निघालेल्याला किंवा संध्याकाळी अमरावती रोडने पश्चिमेला वाडीकडे जाणाऱ्याला विचारा! त्यात आता जिकडे तिकडे सिमेंट रोड, खालूनही उजेड मारतो. म्हणून सकाळी ऊन कोवळं आहे म्हणून गॉगल डिकीत ठेवू नका, आणि ढग आले म्हणूनही नको, ढगातून यूव्ही येतातच.

गाडीवर असाल तर हेल्मेटची काच खाली करा, धूळ आणि लू दोन्ही अडते. स्कार्फ बांधणाऱ्या मुली-बायकांनी तो कपाळावर भुवयांपर्यंत आणला तर फारच चांगलं, पण डोळ्यांची पट्टी उघडीच राहते ना, तिथे गॉगल हवाच, आणि बाजूने बंद होणारा मोठा असला तर उत्तम. पायी जाणाऱ्यांनी छत्री घ्यावी, लाज कसली. टोपी चारही बाजूंनी कड असलेली घ्या.

लहान पोरांच्या डोळ्यातली भिंगं आपल्यापेक्षा स्वच्छ असतात, जास्त यूव्ही आत जातात. त्यांना जत्रेतले खेळण्यातले गॉगल लावू नका, मोठ्या कडेची टोपी घाला आणि भर दुपारी मैदानात सोडू नका. वेल्डिंग चालू असेल तिथे पोरं थांबून बघत बसतात, हात धरून ओढून आणा. वेल्डिंगचा उजेड लागला की तेव्हा काही होत नाही, रात्री डोळ्यात रेती गेल्यासारखं टोचायला लागतं आणि पाणी वाहतं.

घरी आल्यावर डोळे चोळू नका, स्वच्छ पाण्याचे हबके मारा आणि कूलरची हवा सरळ तोंडावर घेऊ नका, डोळे कोरडे पडतात. गुलाबजल टाकू नका. मेडिकलमधून मनानेच ड्रॉप आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि तेच जास्त दिवस टाकत राहिलात तर काचबिंदू होऊ शकतो. आणि पांढऱ्या भागात कोपऱ्यातून गुलाबी काही वाढताना दिसलं, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर सरळ डोळ्याचे डॉक्टर गाठा. बाबांनी चार वर्षं ‘आपोआप जाईल’ म्हणत काढली.