जुना संगणक नव्या सॉफ्टवेअरसाठी तयार करताना या चुका टाळा

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून घरांत, शिकवणीवर्गांत आणि छोट्या कार्यालयांत वर्षानुवर्षे विनातक्रार चालणाऱ्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. कोणी चांगला चालता संगणक भंगारात काढतो, तर कोणी ज्याची मुदत खरोखरच संपली आहे अशा संगणकावर चार-पाच हजार रुपये घालून बसतो. दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे निदान होण्याआधी केलेला खर्च. कोणते सॉफ्टवेअर चालवायचे आहे ते आधी ठरवावे, मग प्रोसेसर पाहावा, त्यानंतर डिस्क आणि शेवटी रॅम. हा क्रम उलटला की पैसे वाया जातात.

‘आय७’ पाहून भुलणे

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि या दोन अटी बहुतेक संगणक पुऱ्या करतात. गाडी अडते ती प्रोसेसरपाशी. इंटेलचे ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत आहेत. रायझनच्या बाबतीत मात्र केवळ मालिकेच्या आकड्यावर विसंबू नये, कारण लॅपटॉपमधला २५००यू हा २००० मालिकेतला असूनही त्या यादीत नाही.

इंटेलची पिढी ओळखणे अवघड नाही. आय५-८२५०यू या नावात जोडरेघेनंतरचा ८ हा आकडा पिढी सांगतो, तर आय५-१०२१०यू मध्ये पहिले दोन आकडे मिळून दहावी पिढी होते. आय३, आय५, आय७ हे त्या त्या पिढीतले दर्जे आहेत, त्यांचा वयाशी काही संबंध नाही. जुन्या लॅपटॉपच्या जाहिरातींत मात्र ‘आय७, १६ जीबी, एसएसडी’ एवढेच ठळक छापतात आणि पिढीचा आकडा गाळतात. तो गाळला असेल तर तो सहावा किंवा त्याहून जुना आहे, असेच गृहीत धरावे. नव्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने आठव्या पिढीचा आय३ हा तिसऱ्या पिढीच्या आय७ पेक्षा केव्हाही सरस ठरतो.

लॅपटॉपच्या मॉडेलवरूनही फसगत होते. कंपन्यांनी काढून टाकलेल्या लॅपटॉपांच्या बाजारात थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारी शेजारी मांडलेले असतात. त्यांपैकी टी४७० मध्ये सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर येत. टी४८० प्रामुख्याने आठव्या पिढीचा असला, तरी त्याच्या काही प्रतींत सातव्या पिढीचा आय५ बसवलेला होता. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करा किंवा गावातल्या दुकानात, लॅपटॉप सुरू करून ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ व ‘अबाउट’ या पानावर प्रोसेसरचे पूर्ण नाव स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘चालणार नाही’ हा संदेश अंतिम मानणे

मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवल्यावर ‘टीपीएम २.०’ (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय) किंवा ‘सिक्युअर बूट’ (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही असा शेरा आला, की नवीन मदरबोर्ड किंवा नवीन संगणक घेण्याचा सल्ला तत्परतेने दिला जातो. प्रत्यक्षात प्रोसेसर मान्य यादीत असेल तर टीपीएमची सोय बहुतेक वेळा संगणकात आधीपासून असते, फक्त ती बंद ठेवलेली असते. सुट्या भागांपासून जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये तर हे सर्रास आढळते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ हा पर्याय चालू केला की टीपीएमचा शेरा नाहीसा होतो. या दुरुस्तीला एक रुपयाही लागत नाही.

त्याआधी एक खबरदारी आवश्यक आहे. संगणकावर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर बायोसमधील असे बदल केल्यानंतर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते आणि ती हाताशी नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही. ही की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून कागदावर उतरवून ठेवावी.

सिक्युअर बूटचा गुंता थोडा वेगळा आहे. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ असे दिसत असेल, तर डिस्कची मांडणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची असते. अशा वेळी अनेक जण थेट बायोसमध्ये जाऊन ‘यूईएफआय’ हा सिक्युअर बूटला लागणारा नवा मोड निवडतात, पुढच्या वेळी विंडोज सुरूच होत नाही आणि डिस्क खराब झाली असा समज होतो. डिस्क ठणठणीत असते, चुकलेला असतो तो क्रम. जुना मोड परत लावला की विंडोज पुन्हा सुरू होते. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, मग विंडोजमध्येच असलेल्या ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनाने डेटा न पुसता मांडणी बदलावी आणि त्यानंतरच बायोसमधील मोडला हात लावावा.

आधी रॅम, मग डिस्क

संगणक मंद झाला की रॅम वाढवायची, हा सल्ला इतका रुळला आहे की तो तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ हे पान पाहावे. संगणक सुरू झाल्यानंतर बराच वेळ डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ असे लिहिलेले असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. अशी डिस्क सलग वाचन करताना सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, तर साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) ५०० एमबीच्या पुढे जाते. शिवाय विखुरलेल्या लहान फायली वाचताना हा फरक कित्येक पटींनी वाढतो आणि विंडोज सुरू होताना नेमके हेच काम चालू असते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च एसएसडीवर करावा. रॅमचा क्रमांक त्यानंतर लागतो. काहीही विशेष न उघडता मेमरीचा आकडा ८० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर मात्र ४ जीबीवरून ८ जीबीवर जाणे टाळता येणार नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढल्यामुळे गरज तपासूनच खरेदी करणे आता अधिक शहाणपणाचे आहे.

खरेदीच्या वेळी एम.२ (पट्टीच्या आकाराच्या) एसएसडीच्या बाबतीत विशेष गोंधळ होतो, कारण साटा ही जुनी आणि एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणी अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसायला सारख्याच असतात. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कित्येक लॅपटॉपांतील एम.२ खाच केवळ साटाच ओळखते. त्यात एनव्हीएमई पट्टी लावली की ती बायोसमध्ये दिसतच नाही आणि नवी वस्तू विनाकारण सदोष ठरवली जाते. रॅममध्येही डीडीआर३ व डीडीआर४ यांची खोबण वेगळ्या जागी असते. काही पातळ लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते, तेव्हा वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही.

डिस्क बदलल्यावर विंडोज नवीन विकत घ्यावी लागते, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. ते खरे नाही. विंडोज १० व ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असतो. त्यामुळे एसएसडी किंवा रॅम बदलून तीच आवृत्ती पुन्हा बसवली आणि इंटरनेट जोडले, की परवाना आपोआप लागू होतो.

आडवाटेने विंडोज ११ बसवणे

तपासणी चुकवून जुन्या संगणकावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत आणि त्या चालतातही. परंतु अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट सूचनासंच असणे बंधनकारक झाल्याने कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रांवर ती सुरूच होत नाही. ज्यांना निर्णयासाठी वेळ हवा आहे त्यांनी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी. ही सोय वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणकात प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास तिला पैसे पडत नाहीत. परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारे फुकटातले ‘ॲक्टिव्हेटर’ मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. ते चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सर्व आले.

वापरलेला लॅपटॉप घेताना कंपनीचे कुलूप न तपासणे

कंपन्यांकडून बाजारात आलेला लॅपटॉप किफायतशीर असतो, पण त्यांतील काहींची नोंद मूळ कंपनीच्या व्यवस्थापन यंत्रणेतून काढलेली नसते. दुकानात तो नीट चालतो. घरी आणून विंडोज नव्याने बसवली आणि इंटरनेट जोडले, की पडद्यावर अनोळखी कंपनीचे नाव येऊन तिच्या कर्मचाऱ्याचा ईमेल व पासवर्ड मागितला जातो. ही नोंद मूळ कंपनीच काढू शकते, दुकानदाराच्या हातात काही नसते. म्हणून विक्रेत्यासमोरच ‘रिसेट धिस पीसी’ करून, वाय-फाय जोडून, स्वतःचे खाते चालू होते का ते पाहावे. त्याच बैठकीत बायोसला पासवर्ड नाही ना हेही तपासावे आणि विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता व सध्याची क्षमता यांची तुलना करावी. विक्रेता या तपासणीला वेळ देत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

जुन्या मराठी फायली आणि सॉफ्टवेअरचा विचार नंतर करणे

सी-डॅकच्या आयएसएम या टंकलेखन सॉफ्टवेअरमधील ‘सुरेख’, ‘योगेश’ किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरून टंकलेले दस्तऐवज नव्या संगणकावर उघडले की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. जुना संगणक पुसण्याआधी त्यातील फॉन्ट वेगळे जपून ठेवावेत आणि महत्त्वाचे दस्तऐवज त्याच संगणकावर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे, रफार आणि आकडे नजरेखालून घालावेत, कारण रूपांतरात चुका नेमक्या तिथेच राहतात. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याची खात्री करणारे जोड-उपकरण) लागत असेल, तर त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहावे, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही.

प्रोसेसर यादीत बसत नसेल आणि काम ब्राउझर, पत्रव्यवहार व हिशेबाच्या तक्त्यांपुरते असेल, तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली) हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्याला ४ जीबी रॅम पुरते. टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन यांवर ज्यांचे रोजचे काम अवलंबून आहे, त्यांनी मात्र त्या वाटेला जाण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण टॅली मुळात विंडोजसाठी बनलेली आहे आणि टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर पुष्कळदा त्रास देतात. इतरांनी मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का ते पाहावे आणि तिन्ही चालले तरच डिस्कवर बसवावे.