पर्माकल्चरच्या शेतावर राबायला जाणाऱ्यांसाठी

एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. नोकरीतून दोन महिन्यांची सुट्टी काढली आहे, किंवा नोकरीच सोडली आहे, आणि कोकणात एखाद्या पर्माकल्चर शेतावर राहून काम करायचंय, कुठे जाऊ? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या एका शेतावर मी आधी स्वयंसेवक म्हणून राहिले आणि पुढे तिथेच पगारावर काम केलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. पर्माकल्चर म्हणजे पाणी, माती, झाडं एकमेकांना आधार देतील अशी, जंगलासारखी टिकाऊ शेताची मांडणी.

मी उलट विचारते, कधी जाणार? बहुतेकांना डिसेंबर हवा असतो. डिसेंबरात हवा सुरेख असते, पण तेव्हा मुख्य काम झाडांना पाणी देण्याचं आणि आच्छादन घालण्याचं. शिकायचं असेल तर मेच्या मध्यावर जा आणि निदान जुलैअखेरपर्यंत राहा. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नंतर आठ महिने कोरडे. जांभ्याची, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाची, जमीन पाणी धरून ठेवत नाही. ऑगस्टमध्ये ओसंडणारी विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. शेतावरची प्रत्येक मांडणी या कोड्याला दिलेलं उत्तर असते, आणि ते उत्तर बरोबर आहे की नाही हे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दिसतं. त्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवं.

आता माणसांबद्दल. अशा शेतावर दोन तऱ्हेचे लोक राबतात. एक आपण: पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून, कधी परदेशातून आलेले स्वयंसेवक. सकाळचे चार-पाच तास काम, त्या बदल्यात राहणं-जेवण. काही ठिकाणी राहण्या-जेवणाचे पैसे आपणच द्यायचे. दुसरे गावातून रोजावर येणारे गडी आणि बायका. त्यांचा दिवस संध्याकाळपर्यंत चालतो, आणि आपण गेल्यावरही वर्षभर चालू राहतो. फोटोत आपण असतो. झाडं जगतात ती दुसऱ्या गटामुळे.

हे उघड दिसत असूनही बहुतेक स्वयंसेवक महिनाभर आपसातच राहतात. सकाळी वर्तुळात बसून कामाची वाटणी, दुपारी माहितीपट, रात्री गिटार. मजा येते, नाही म्हणत नाही. पण कोयता कसा धरायचा, तो कमरेच्या आकडीत कसा अडकवायचा, पारय (पहार) कुठे मारली की जांभा फुटतो आणि कुठे मारली की नुसता हात झिणझिणतो, हे त्या वर्तुळात कुणालाच येत नसतं. म्हणून माझा सल्ला एवढाच: पहिल्याच आठवड्यात मालकाला सांगून रोजावर येणाऱ्या बायकांच्या जोडीने काम मागून घ्या. त्यांच्या वेळेला या, त्यांच्याबरोबर पेज प्या. सुरुवातीला त्या हसतील. ताई दोन दिवसांत कंटाळणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

मला ज्या काकींच्या हाताखाली काम मिळालं त्यांनी पहिल्याच दिवशी चर खणायला लावला. मे महिना, डोक्यावर ऊन, जमीन दगडासारखी. पाऊस पडून माती मऊ झाल्यावर खणू या, असं मी सुचवलं. "पावस पडाक लागलो काय मग चर कोण खणतलो? आताच काय तां कर गो." जूनमध्ये सगळी माणसं भाताच्या तरव्यात (रोपवाटिकेत) आणि लावणीत अडकलेली असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कामाचं वेळापत्रक शेताच्या मालकापेक्षा गावाचं भात ठरवतं.

चरांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवख्यांचा सगळ्यात जास्त घाम तिथेच जातो. उतारावर एका पातळीत चर काढायचे म्हणजे वाहतं पाणी थांबून जमिनीत मुरतं. पातळी शोधायला ए-फ्रेम करतात: सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. दोन पाय दोन जागी टेकवून दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे सपाटी. ही चौकट पावलापावलाने फिरवत खुंट्या ठोकत जायचं. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर काम आणखी सोपं.

पर्माकल्चरची मांडणी बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये टास्मानियातून केली. तिचा पाण्याचा भाग बऱ्याच अंशी कोरड्या मुलखाचा विचार करून शिकवला जातो: थेंब न् थेंब अडवा. आपल्याकडे जुलैमध्ये एका रात्रीत जेवढं पाणी पडतं तेवढं सगळं उतारावर अडवलं तर बांध फुटतो, कधी उतारच खाली येतो. २०२१ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातल्या तळियेला दरड कोसळली त्यानंतर डोंगरउतारावर पाणी साठवायचं म्हटलं की गावातले लोक आधी वर बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून चर खणताना सांडवा कुठे काढणार, हे आधी विचारा. जादा पाणी दगड रचलेल्या वाटेने खालच्या व्हाळात (ओढ्यात) गेलं पाहिजे. सांडव्याचं उत्तर नसलेल्या शेतावर मी मे महिन्यात फावडं उचलणार नाही.

पुढचा वादाचा विषय राब. भाताच्या तरव्याच्या जागेवर शेण, कवळं (छाटलेल्या डहाळ्या), पातेरा (सुका पाला) पसरून मेमध्ये भाजायची कोकणातली जुनी रीत. पर्माकल्चर शेतांवर जाळायला बंदी असते, आणि नवा स्वयंसेवक दोन दिवसांत गावकऱ्यांना पालापाचोळ्याचं महत्त्व समजावू लागतो. थांबा जरा. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेमुळे आपल्या आम्लधर्मी मातीला उतारा मिळतो, आणि माती भुसभुशीत राहिल्याने रोपं मुळासकट अलगद उपटता येतात. या गरजा खऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूला, राबासाठी दरसाल झाडं छाटून डोंगर बोडके होतात हेही खरंच. चारसूत्री भात लागवडीत तरव्याच्या मातीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात आणि चिखलणीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडतात. आमच्या शेतावर शेवटी तोच मार्ग निघाला, कारण राख आणि पाला दोन्ही बायकांना करून बघता आलं. भाषणाने काही झालं नव्हतं.

गिरिपुष्पाशी तुमची चांगली गाठ पडेल. काही जण त्याला उंदीरमारी म्हणतात. फांदी खोचली की जगते, हवेतला नत्र मुळांतून जमिनीत आणते, कुंपण होते, वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला झाडांच्या बुंध्याशी टाकता येतो. जुलैत हेच काम: खोळ पांघरून भर पावसात छाटायचं आणि पसरायचं. पाला खोडाला चिकटवून टाकू नका, वीतभर लांब ठेवा, नाहीतर सतत ओल राहून खोड कुजतं. जीवामृतही तुम्हीच ढवळाल. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळायचं. यावर श्रद्धा असलेले आणि नसलेले दोघेही शेतावर भेटतील. माझं मत विचाराल तर आच्छादनाचा फायदा मी डोळ्यांनी बघितला, जीवामृताचा वेगळा काढून दाखवता आला नाही.

ऑगस्टमध्ये गवत छातीएवढं होतं आणि तणनाशकाचा विषय निघतो. स्वयंसेवक अर्थातच विरोधात. एकदा एक गडी शांतपणे म्हणाला, "तुमी जातल्यात, गवात आमकाच कापूचा आसा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तणनाशक आलं नाही, ग्रासकटर आला आणि तो चालवणाऱ्याचा रोज वाढला. तत्त्व पाळायचं तर त्याची मजुरी कुणीतरी मोजावी लागते. पर्माकल्चरच्या तीन मूल्यांत जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि वाजवी वाटणी येते. पैकी दुसरं आणि तिसरं शेतावर किती पाळतात हे मजुरीच्या वहीत दिसतं. पुरुष आणि बायकांना सारखा रोज आहे का, पावसामुळे काम बंद पडलं तर त्या दिवसाचं काय, आजारपणात कोण बघतं, हे विचारायला संकोच करू नका. ज्या शेतावर रोजाची माणसं वर्षानुवर्षं टिकून आहेत ते निवडा. स्वयंसेवकांच्या भरवशावर मजुरी वाचवणारी शेतंही आहेत. तिथे दर पंधरा दिवसांनी नवी माणसं तीच चूक नव्याने करत असतात.

शक्य झालं तर एक रविवार गोव्यातलं एखादं कुळागर, म्हणजे तिथली जुनी मिश्र बाग, बघायला ठेवा. सत्तरी किंवा फोंड्याकडे जा. पोफळी, माड, त्यांच्यावर चढलेली मिरी आणि पानवेल, खाली केळी, जायफळ, भिरंड (कोकम), कडेला फणस, आणि झऱ्याचं पाणी पाटाने सगळीकडे खेळवलेलं. प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवतात ते थर इथे पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. तिथल्या आजोबांना पर्माकल्चर म्हणजे काय ते समजावायला जाऊ नका, पाट कुठून वळवला ते विचारा.

तब्येतीचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. गोचिडीतून पसरणारा हा आजार डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत जोर धरतो, आणि काजूच्या बागेत पातेरा गोळा करणाऱ्यांना धोका जास्त. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ आणि अंगावर गोचीड आहे का ते बघणं. जवळपास माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. पावसात भीती लेप्टोस्पायरोसिसची: उंदरांच्या मुताने दूषित झालेलं चिखलपाणी पायाच्या जखमेतून आत जातं. गमबूट घाला. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे लावणीआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. ताप आला तर 'मी शेतात, चिखलात काम करते' हे पहिलं वाक्य सांगा. शहरातल्या डॉक्टरला ते सुचेलच असं नाही. फुरसं हा विषारी साप दगडाखाली आणि पाल्यात बसतो, म्हणून पाल्याच्या ढिगात हात घालू नका, आधी काठीने उकरा. सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे कशाने पोहोचायचं, हे पोहोचल्या दिवशीच माहीत करून घ्या.

बाकी सामान थोडंच लागतं. बॅटरी हवीच, कारण जूनमध्ये वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही.

बहात्तर तासांचा पर्माकल्चर डिझाइन कोर्स आधी करावा की नंतर, हे हमखास विचारतात. एक पावसाळा काम केल्यावर करा. तेव्हा तुमच्याकडे प्रश्न असतील. भारतात तेलंगणात हे काम जुनं आहे. २०१७ ची आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर परिषद हैदराबादलाच झाली. कोर्सच्या प्रमाणपत्रावर पगाराची नोकरी मिळते असं मात्र मी फारसं पाहिलं नाही. ज्या स्वयंसेवकांचं पुढे यात पोट भरलं त्यांच्या हातात एखादं ठोस कसब होतं, आणि कोकणात ते कसब म्हणजे कलम बांधणं. आंब्याचं कोय कलम पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधतात: कोय रुजून कोवळा तांबूस कोंब आला की तो कापून, मधे चीर देऊन, तेवढ्याच जाडीच्या काडीची पाचर बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. काजूला मृदुकाष्ठ कलम. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र या कामाची जाणती ठिकाणं आहेत. रोपवाटिकेत कलमागणिक पैसे मिळतात आणि जगलेली कलमं मोजली जातात, त्यामुळे आपण कुठे आहोत ते लगेच समजतं. दुसरी वाट पाणलोटाच्या कामाची. तिथे समतल चर काढता येणारा, गावाशी बोलता येणारा माणूस लागतो.

आणि जमीन. दोन महिने राहून प्रत्येकाला ती घ्यावीशी वाटते. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि गोव्यानेही २०२३ मध्ये तसाच कायदा केला. घरात कुणाच्या नावे सातबारा आहे का ते आजी-आजोबांकडे विचारा. शेतकरी असाल तरी कोकणातल्या सातबाऱ्यावर एका तुकड्याला वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. त्यापेक्षा आधी दोन-तीन वर्षं खंडाने घेऊन बघा, लेखी करार करून. मेच्या शेवटी विहिरीला किती पाणी उरतं, जायला वाट कुणाच्या जमिनीतून आहे, वानर आणि गवे कुठून उतरतात हे शेजाऱ्याला विचारा, एजंटला नको. दोडामार्गात असाल तर हत्तींची वाटही विचारा. केळी लावून झाल्यावर कळलं तर उपयोग नाही.