गड्डा संपला, कॅमेरा कपाटात ठेवण्याआधी

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, नंदीध्वजांची मिरवणूक झाली, होम मैदानावरचं दारूकाम झालं, फोटो कॉम्प्युटरवर उतरवले की आपला कॅमेरा कपाटात जातो. मग बाहेर निघतो तो मे महिन्यातल्या एखाद्या लग्नाला, नाहीतर शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते तेव्हा. मधल्या काळात मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची बॅटरी बसल्या जागी उतरते, आपण तिला 'गेली' म्हणतो आणि नवीन घेऊन येतो. बरेचदा बॅटरी धडधाकट असते. कॅमेरा बंद केला तरी आत काहीतरी जागं राहिलेलं असतं, म्हणून ठेवण्याची तयारी तिथून सुरू करा.

सगळ्यात आधी ब्लूटूथ. मोबाईलशी एकदा जोडलेला कॅमेरा स्विच ऑफ केला तरी फोनशी संबंध तोडत नाही. तुम्ही जेवायला बसलात तरी फोनवर फोटो जात राहावेत, यासाठी ही सोय दिलेली आहे. निकॉनमध्ये ती 'सेंड व्हाइल ऑफ' नावाने सापडेल, कॅननमध्ये 'स्टे कनेक्टेड इफ ऑफ', तर सोनीमध्ये 'कनेक्ट ड्युरिंग पॉवर ऑफ'. ही बंद करा. मेनूत शोधायचा कंटाळा असेल तर सरळ एअरप्लेन मोड लावा, काम तेच होतं. खात्री करायची असेल तर बॅटरी पूर्ण भरून कॅमेऱ्यात घाला, दोन दिवस हात लावू नका आणि टक्के बघा. मग ब्लूटूथ चालू ठेवून पुन्हा तेच करा. लिथियम आयन बॅटरी नुसती पडून राहिली तर महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. दोन दिवसांत दहा टक्के गेले असतील तर ते कॅमेऱ्यानेच खाल्लेत.

स्विचकडेही बघून घ्या. शटर बटणाभोवती फिरणारी चकती बॅगेत घासून चालू होते, आणि ऑटो पॉवर ऑफची वेळ 'कधीच नाही' वर असेल तर रात्रभर स्क्रीन बॅगेला उजेड दाखवत बसते. एक मिनिट पुरे.

हे सगळं केलं तरी महिना-दोन महिने कॅमेरा लागणार नसेल तर बॅटरी काढूनच ठेवा. यात एकच खोट आहे. कॅमेऱ्यातल्या घड्याळाला वेगळी छोटी बॅटरी असते आणि बऱ्याच मॉडेलांत ती मुख्य बॅटरीवरच भरते. निकॉन झेड ६ मध्ये ती दोन दिवसांत भरते आणि महिनाभर पुरते. मुख्य बॅटरी त्याहून जास्त दिवस बाहेर राहिली तर तारीख पुसली जाते. चुकीच्या तारखेचे फोटो नंतर क्रमाने लावणं हा फार वैताग आहे, पण तारीख पुन्हा घालायला अर्धा मिनिट लागतो. त्यामुळे माझं मत बॅटरी काढण्याच्याच बाजूने.

काढलेली बॅटरी किती भरलेली असावी? साधारण निम्मी. पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. उलट पार रिकामी ठेवली तर उरलासुरला चार्जही उतरून व्होल्टेज इतका खाली जातो की आतलं संरक्षक सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. म्हणजे चार्जरला लावून विसरायचं नाही आणि 'संपली आहे, नंतर बघू' म्हणूनही ठेवायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा, खाली आली असेल तर थोडी भरा.

आणि आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे ऊन. उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते, पण उष्णतेने खाल्लेली क्षमता परत येत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतला माळा आणि उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड या जागा बाद. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. टोकांवर प्लास्टिकचं टोपण लावा, म्हणजे बॅगेतल्या नाण्या-किल्ल्यांनी शॉर्ट होणार नाही. कॅननच्या टोपणाला बॅटरीच्या आकाराची खिडकी असते. भरलेली असेल तर ते असं बसवायचं की खिडकीतून निळा रंग दिसेल, वापरलेली असेल तर उलटं. दोन बॅटऱ्या असणाऱ्याला ही खूण फार उपयोगी पडते. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात कोंबू नका, टोचू नका. ती ई-कचऱ्यात द्या.

पालखीच्या आदल्या संध्याकाळी बॅटऱ्या भरा, तारीख बघा, कार्ड तपासा. मेनूत बॅटरीची तब्येतही दिसते: निकॉनच्या 'बॅटरी एज'मध्ये शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदलण्याची वेळ. कॅनन 'रिचार्ज परफॉर्मन्स'च्या पट्ट्या दाखवतो. इथे निकाल वाईट आला तरच नवीन बॅटरीचा खर्च करा.

गर्दीत तासभर वाट बघायची असेल तेव्हा कॅमेरा गळ्यात चालू ठेवून उभे राहू नका. व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. तिच्याजवळचा सेन्सर शर्टाला लागला की कोणी डोळा लावला असं त्याला वाटतं आणि आतला पडदा उजळतो. व्ह्यूफाइंडर तसाही जास्त खातो: सोनी ए ७ थ्रीच्या एका बॅटरीवर सीआयपीए या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मोजणीत स्क्रीन वापरून ७१० फोटो निघतात, व्ह्यूफाइंडर वापरून ६१०. पालखी कोपऱ्यावर दिसली की स्विच लावा. कॅमेरा सुरू व्हायला जेमतेम सेकंद-दोन सेकंद लागतात.