वस्तीवर सिनेमा न्यायचा तर

पहिला फोन दिग्दर्शकाला. पडदा, प्रोजेक्टर, गाडी हे सगळं त्यानंतर. ऊसतोड कामगाराच्या घरातली, तांड्यावरची, भीमनगरातली मुलंमुली उसन्या कॅमेऱ्यावर, कधी नुसत्या मोबाइलवर चित्रपट करतात. एखाद-दोन महोत्सवांत तो लागतो आणि मग हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो. ज्यांच्या जगण्यावर तो केलाय, त्यांना तो कधी दिसतच नाही. आम्ही चार-पाच जण असे चित्रपट घेऊन बीड, जालना, परभणी, नांदेडकडच्या वस्त्यांवर जातो. यंदा ज्यांना हे काम हाती घ्यायचंय, त्यांनी काय काय तयार ठेवावं ते सांगतो.

फोनवर आधी विचारून घ्या, की चित्रपट अजून कुठल्या महोत्सवाला पाठवलाय का. त्यांच्याकडचा खेळ पहिलाच असावा अशी अट बरेच महोत्सव घालतात, आणि आपल्या एका खेळापायी त्या पोराची संधी जाता कामा नये. मग एक पानाचा करार करा, मराठीत. कुठले जिल्हे, किती खेळ, कुठल्या तारखेपर्यंत, खेळामागं किती पैसे, सगळं त्यात लिहा. माणसं येवोत न येवोत, आम्ही दर खेळाला ठरलेली रक्कम देतो आणि वर जमलेल्या पैशातला निम्मा वाटा. ‘तुझं नाव होईल’ एवढ्यावर कुणाला भागवू नका. गरिबाघरच्या कलावंताला हे वाक्य आयुष्यभर ऐकवलं गेलंय. मंडपवाल्याचे पैसे आपण चुकते करतो, जनरेटरवाल्याचे करतो, मग ज्यानं तीन वर्षं घालवून चित्रपट केला त्याचेच का राहावेत?

सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं जाहीर खेळाला ते लागतंच. नसेल तर दिग्दर्शकाला ऑनलाइन अर्ज भरायला मदत करा आणि ते हातात येईपर्यंत तारीख देऊ नका. २०२३च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’मध्ये, म्हणजे लहानांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या चित्रपटांच्या गटात, ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या आल्यात. शाळेच्या मैदानावर खेळ असेल तर गावाला हे आधीच सांगून ठेवा, कारण पोरं सगळ्यात पुढं येऊन बसतात.

तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, शेत बघून ठरवा. सोयाबीनच्या काढणीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. ऊसतोडीवरचा चित्रपट डिसेंबरात धारूर-वडवणीकडं नेलात, तर म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी भेटतील. कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले असतात, ते मार्च-एप्रिलात परततात. तेव्हा हा चित्रपट एप्रिल-मे महिन्यात गावात दाखवा, नाहीतर हंगामात थेट कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, घेऊन जा. कोप्यांवर मुकादमाशी आधी बोलावं लागतं आणि खेळ लवकर आटपावा लागतो, कारण बाया पहाटे अंधारातच उठतात.

आता फाइल. इथं आम्ही सगळ्यात जास्त ठेचा खाल्ल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थिएटरच्या खास यंत्रासाठी बनवलेली डीसीपी फाइल आपल्या साध्या प्रोजेक्टरला आणि लॅपटॉपला उपयोगाची नाही, एमपीफोर मागवा. पेनड्राइव्ह एफएटी-थर्टीटू फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. दोन पेनड्राइव्ह ठेवा आणि तिसरी प्रत लॅपटॉपवर. आणि आवाज स्टिरिओमध्येच मागवा. जालन्याकडच्या एका गावात आम्ही ५.१ आवाजाची फाइल तशीच लावली होती. पावसाचा आवाज आला, ढोलकी आली, आणि पडद्यावरची बाई नुसते ओठ हलवत राहिली. संवाद सगळे मधल्या चॅनलमध्ये होते आणि आमच्याकडं फक्त डावा-उजवा स्पीकर. तीनशे माणसं दहा मिनिटं गप्प बसून तिचे ओठ वाचत होती. दिग्दर्शक पोरगी माझ्याशेजारीच उभी होती. तिनं त्या संवादांसाठी आईच्या मागं मागं फिरून एकेक शब्द टिपला होता. तेव्हापासून मी अख्खा चित्रपट त्याच लॅपटॉपवर, त्याच स्पीकरवर आदल्या दिवशी शेवटपर्यंत ऐकतो. पहिली पाच मिनिटं ऐकून थांबत नाही.

पडदा १६ बाय ९ फुटांचा पुरतो. त्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर घ्या, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. त्या रुंदीला साध्या प्रोजेक्टरसाठी पंचवीसेक फूट अंतर धरा आणि तेवढी वाट दोरीनं मोकळी ठेवा. बांबू चारही बाजूंनी ताणून बांधा. बालाघाटाच्या माथ्यावर सांजेचा वारा सुटला की पडद्याचं शीड होतं. वीज गावठाण फीडरवरून, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनवरून घ्या, आकडा टाकून नाही. जनरेटर पडद्यामागं दूर, आणि प्रोजेक्टरला यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी दिवा नीट थंड होतो.

जागा ठरवताना घाई करू नका. यादीतलं माझ्या मते सगळ्यात जड काम हेच आहे. देवळापुढचा पार मोठा असतो, सोयीचा असतो, पण गावातली काही माणसं तिथं मोकळेपणी येऊन बसत नाहीत. बुद्धविहाराच्या अंगणात खेळ लावला तर वरच्या आळीतले लांबूनच बघून परततात. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान त्यातल्या त्यात सगळ्यांचं. सरपंचाला भेटाच, पण त्याच्याआधी वस्तीत जा, अंगणवाडीताईंना भेटा, बचत गटातल्या बायकांना वेळ विचारा. त्या सांगतील तीच वेळ धरा. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पोलीस ठाण्याची परवानगीही लागते. हिवाळ्यात सहाच्या सुमारासच दिवस मावळतो, पण तेव्हा चुली पेटलेल्या असतात. म्हणून सव्वासातला सुरू, सव्वानऊला संपला, आणि पाऊण तास बोलायला. बायकांची बसायची जागा उजेडाच्या वाटेजवळ ठेवा, म्हणजे लेकरू रडलं तर उठून जाता येतं आणि परतताही येतं.

सबटायटलांबद्दल एक गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीतला चित्रपट होता, तांड्याशेजारच्या गावात. तांड्यावरची माणसं हसत होती, गावातली खाली मराठी वाचत होती. मागच्या रांगेत सातवीतली एक मुलगी आजीच्या कानाशी लागून प्रत्येक ओळ वाचून दाखवत होती. आमच्यातल्या एकानं तिला गप्प बस म्हटलं. आजी म्हणाली, ‘‘वाचू दे की रं बाबा, मला काय कळतंय तिथं लिहिलेलं?’’ आता आम्ही सबटायटलांचा कागद आधी छापून नेतो आणि गावातल्याच दोन मुली हेरून ठेवतो. त्या न वाचणाऱ्यांच्या रांगेत बसून हळू आवाजात वाचतात. त्यांनाही मानधन द्या.

तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटर चालू असेल तर दुपारचा एक खेळ ठोक भाड्यानं घ्या. टक्केवारीच्या बोलणीत छोट्या चित्रपटाच्या हाती काही उरत नाही.

केरळात मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८४ साली ओडेसा नावाचा गट उभारला, लोकवर्गणीतून चित्रपट केला आणि तो गावोगाव नेऊन दाखवला. आपल्याकडंही लोक पैसे देतात, फक्त मागताना हिशोब द्यावा लागतो. पावतीपुस्तक न्या, वीस रुपयांची पावती फाडा, ज्याच्याकडं नसतील त्याला तसंच बसवा. खेळ संपला की दिवे लावून, सगळ्यांसमोर डबा मोजा आणि आकडा माइकशिवाय मोठ्यानं सांगा. दिग्दर्शकाचा वाटा तिथंच वेगळ्या पाकिटात घाला. तो आला असेल तर गावातल्याच कुणाच्या तरी हातून द्या. नसेल तर पाकिटावर गाव, तारीख, माणसांची संख्या लिहा आणि पंधरा दिवसांच्या आत पोचतं करा.

निघताना मैदानातले खुंटे उपटा, नाहीतर सकाळी लेकरांच्या पायाला लागतात. शाळेची किल्ली हेडमास्तरांच्या हातात द्या, आणि पुढं कुठल्या गावात आपलं ओळखीचं कोण आहे, ते मागं रेंगाळलेल्या बायकांना विचारून वहीत लिहून घ्या.